निरोप कुठे थांबतो?

जुन्या मराठी पत्रांची सुरुवात ठरलेली असे. मायना आणि क्षेमकुशल झाले की लिहिणारा आधी कळवी, की तुमचे पत्र पावले आणि लिहिलेला मजकूर कळला. पेशवेकालीन कागदांत ही पद्धत दिसते, तशी ती आपल्या आजी-आजोबांच्या पोस्टकार्डांतही दिसते. आपण तिला औपचारिकता समजून पुढच्या ओळीकडे वळतो. मला मात्र ती फार काटेकोर नोंद वाटते. पत्र पाठवले जाणे, ते पावणे आणि त्यातला मजकूर कळणे या तीन वेगळ्या घटना आहेत, एक घडली म्हणून दुसरी घडलीच असे नाही, हे त्या लिहिणाऱ्यांना पक्के ठाऊक होते. वाटेत नद्या होत्या, पावसाळा होता, लूटमार होती. आज मोबाइलवर संदेशाच्या खाली एक करडी खूण येते, मग दोन येतात, मग त्या निळ्या होतात. त्या खुणाही याच तीन घटनांची नोंद करतात.

संदेशवहनाचा इतिहास आपण बहुधा वेगाचा इतिहास म्हणून सांगतो. आधी जासूद, मग टपाल, तार, टेलिफोन, इंटरनेट, आणि प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा वेगवान. हे खोटे नाही, पण अपुरे आहे. त्याच्या जोडीने एक दुसरा इतिहास चालत आला आहे, तुटणाऱ्या वाटेचा. त्यात प्रश्न असे पडतात : वाट बंद असताना निरोप कुठे थांबतो? तो पोचेपर्यंत जबाबदारी कोणाची? आणि तो पोचला हे पाठवणाऱ्याला कळते कसे? मोबाइलचे जाळे हे मुळातच बेभरवशाचे जाळे. त्यावर चालणारी संदेशांची सॉफ्टवेअरे याच तीन प्रश्नांची उत्तरे शोधत घडली. ती उत्तरे कशी सापडली आणि त्यांतले काय आपण आज विसरत चाललो आहोत, हे या लेखात मांडायचे आहे.

पोच आली नाही तर

टेलिफोनला दोन माणसे एकाच वेळी हजर लागतात. तारेला तशी गरज नव्हती. तार मधल्या कचेरीत उतरवून घेतली जाई, पुढची लाइन मोकळी होईपर्यंत कागदावर थांबे आणि मग पुढे जाई. ‘साठवा आणि पुढे पाठवा’ हे तत्त्व तिथे रुजले. भारतात तारसेवा जुलै २०१३मध्ये बंद झाली, पण हे तत्त्व तोवर दुसऱ्या घरी नांदू लागले होते.

ते घर रेडिओचे होते. हवाई विद्यापीठातल्या नॉर्मन अब्रामसन यांच्यापुढे अडचण भूगोलाची होती. विद्यापीठाच्या शाखा वेगवेगळ्या बेटांवर विखुरलेल्या, संगणक एका बेटावर. तारांऐवजी त्यांनी रेडिओ वापरला आणि १९७१मध्ये ‘अलोहानेट’ सुरू केले. सगळ्या केंद्रांना बोलायला एकच रेडिओमार्ग होता. कोणी कधी बोलायचे याची पाळी लावणे अवघड, म्हणून अब्रामसन यांनी पाळीच लावली नाही. ज्याला बोलायचे त्याने बोलावे. दोघे एकदम बोलले तर दोघांचेही शब्द बिघडणार, हे गृहीतच धरले. बिघडले हे पाठवणाऱ्याला कळणार कसे? समोरून पोच आली नाही यावरून. पोच आली नाही तर थोडे थांबायचे आणि पुन्हा पाठवायचे. किती थांबायचे हे प्रत्येकाने जणू फासा टाकून ठरवायचे, कारण दोघे सारखेच थांबले तर पुन्हा एकदमच बोलतील.

या साध्या रीतीत एक मोठा बदल होता. तोवर अभियंत्यांचे ध्येय वाट निर्दोष करण्याचे असे. अलोहानेटने वाट सदोषच राहणार हे मान्य केले आणि शहाणपण दोन्ही टोकांना ठेवले. पाठवणाऱ्याने पोच येईपर्यंत निरोपाची प्रत सोडायची नाही, एवढा नियम पाळला की सदोष वाटेवरूनही काम चालते. रजिस्टर ए.डी.ची पावती परत येईपर्यंत नोटिशीची स्थळप्रत जपून ठेवणारा वकील हेच करी.

पण पोचही त्याच वाटेने येते आणि तीही हरवू शकते. या अडचणीचे वर्णन १९७५च्या एका शोधनिबंधात आले, आणि जिम ग्रे यांनी १९७८मध्ये तिला ‘दोन सेनापतींचा पेच’ म्हणून मांडले. दोन टेकड्यांवर एकाच पक्षाच्या दोन फौजा आहेत, मध्ये खोऱ्यात शत्रू. दोघांनी एकाच वेळी हल्ला केला तरच जय. पहिला सेनापती जासुदाकरवी वेळ कळवतो. जासूद पकडला गेला असेल तर? म्हणून त्याला उत्तर हवे. उत्तर घेऊन निघालेला जासूद पोचला का, हे दुसऱ्याला कळायला हवे, म्हणून उत्तराचीही पोच हवी. ही साखळी कुठेच संपत नाही. बेभरवशाच्या वाटेवर दोन्ही बाजूंना पूर्ण खात्री कधीच मिळू शकत नाही, हे गणिताने सिद्ध होते. कितीही चांगले सॉफ्टवेअर लिहिले तरी हा नियम मोडत नाही.

मग करायचे काय? तडजोड. पोच आली नाही तर निरोप पुन्हा पाठवायचा. त्यामुळे कधी तोच निरोप दोनदा पोचेल, म्हणून प्रत्येकावर क्रमांक घालायचा आणि घेणाऱ्याने दुसरी प्रत टाकून द्यायची. आपल्याला एकच संदेश दोनदा दिसत नाही, त्यामागे ही टाकून देण्याची व्यवस्था असते.

चोरवाटेने आलेला संदेश

मोबाइलवरच्या संदेशाचा जन्म युरोपात झाला. फ्रान्स आणि जर्मनी मिळून जीएसएम ही मोबाइल पद्धत आखत असताना फ्रीडहेल्म हिलेब्रांड आणि बर्नार्ड गिलेबार यांनी १९८४-८५च्या सुमारास एक युक्ती मांडली. फोन आणि टॉवर यांच्यात आवाजाच्या वाटेखेरीज एक लहान वाट असते. फोन कुठे आहे, त्याला कॉल येतो आहे का, अशी कारभाराची बोलणी त्या वाटेवरून चालतात. ती बराच वेळ रिकामी असते. त्या रिकाम्या जागेत लहानसा मजकूर घातला तर वेगळा खर्च जवळजवळ काहीच नाही.

जागा मात्र बेताची, १४० बाइट. रोमन अक्षरे सात-सात बिटांत बसवली की तेवढ्यात १६० मावतात. इतकी पुरतील का, हे पाहण्यासाठी हिलेब्रांड यांनी बॉनमधल्या घरी टंकलेखन यंत्रावर मनात येतील ती वाक्ये लिहून अक्षरे मोजली. बहुतेक वाक्ये १६०च्या आत बसली. देवनागरीला हे माप लाभले नाही. तिच्या प्रत्येक चिन्हाला सोळा बिट लागतात, म्हणून संदेशात फक्त ७० चिन्हे मावतात, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त यांची गणती वेगवेगळी होते. ‘दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा’ एवढे लिहिले की २७ चिन्हे खर्ची पडतात. मराठी माणूस वर्षानुवर्षे रोमन लिपीत मराठी संदेश लिहीत राहिला, त्याला फोनवरच्या कळा आणि फाँट यांच्याइतकेच हे मापही कारण होते.

३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये नील पॅपवर्थ या तरुण अभियंत्याने संगणकावरून व्होडाफोनच्या रिचर्ड जार्विस यांच्या फोनवर नाताळच्या शुभेच्छा पाठवल्या. तो पहिला एसएमएस मानला जातो. भारतात पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला, कलकत्त्याहून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखराम यांना केला. म्हणजे आपल्याकडे मोबाइल आला तेव्हा संदेशाची सोय आधीच तयार होती.

आपल्या तीन प्रश्नांच्या दृष्टीने एसएमएसचे खरे कर्तृत्व त्याच्या मधल्या केंद्रात आहे. पाठवलेला संदेश आधी मोबाइल कंपनीच्या संदेश-केंद्रात जातो. केंद्र ग्राहकांच्या नोंदवहीला विचारते, हा फोन सध्या कुठे आहे? फोन बंद असला किंवा रेंजबाहेर असला तर केंद्र संदेश जपून ठेवते आणि नोंदवहीत खूण करते, की याच्यासाठी काही आले आहे. फोन पुन्हा जाळ्यात आला की नोंदवही केंद्राला कळवते आणि संदेश निघतो. संदेश किती काळ जपायचा याची मर्यादा त्या मानकात पाच मिनिटांपासून ६३ आठवड्यांपर्यंत ठेवता येते. प्रत्यक्षात कंपन्या काही दिवसच जपतात. पण ज्याच्याशी बोलायचे तो आत्ता नसेल, ही शक्यता या रचनेने पहिल्याच दिवशी धरली होती. गर्दीच्या वेळी कॉल लागत नाहीत, पण संदेश कसाबसा जातो, हा अनुभवही यातूनच येतो. कॉलला बोलणे संपेपर्यंत वाट अडवून ठेवावी लागते, संदेशाला ती क्षणभर पुरते.

क्षणभर पुरणारी ही वाटही एका दिवशी कमी पडे. दिवाळी आणि नववर्षाला शुभेच्छांचा पूर येई, सकाळी पाठवलेला संदेश दुपारी पोचे. कंपन्यांनी अशा दिवसांना ‘ब्लॅकआउट डे’ ठरवले. त्या दिवशी स्वस्त संदेशांची योजना लागू नसे, प्रत्येक संदेशाचे पूर्ण पैसे पडत. तारखात्याने हीच गर्दी वेगळ्या रीतीने हाताळली होती. सणावाराच्या ठरीव शुभेच्छांना क्रमांक दिले होते, तारेवरून फक्त क्रमांक जाई आणि पलीकडे पूर्ण वाक्य लिहिले जाई.

तेलाची नळी आणि गावची बस

पुढची महत्त्वाची कल्पना फोनवाल्यांकडून आली नाही, ती आली तेलाच्या नळ्यांकडून. अमेरिकेतल्या ओसाड भागांतून शेकडो मैल गेलेल्या नळ्यांतला दाब दूरवर बसून पाहायचा होता. जोडणी उपग्रहाची, महागडी आणि मध्येच तुटणारी. आयबीएमचे अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी १९९९मध्ये त्यासाठी ‘एमक्यूटीटी’ नावाची संदेशपद्धत रचली. तिच्या लिफाफ्याचा भार अवघा दोन बाइटांपर्यंत उतरवता येतो. निरोप किती जिवापाड पोचवायचा याच्या तीन पायऱ्या तिने ठरवल्या : फार तर एकदा, निदान एकदा आणि नेमका एकदाच. पहिलीत हरवला तर हरवला. दुसरीत पोच येईपर्यंत पुन्हा पुन्हा पाठवायचा, दोनदा गेला तरी चालेल. तिसरीत दोन फेऱ्यांची पोचापोच करायची, ती सगळ्यांत खर्चिक. खात्रीला किंमत असते आणि ती प्रत्येक निरोपासाठी मोजायची गरज नसते, हे या पायऱ्यांनी उघड सांगितले.

या पद्धतीत एक ‘मृत्युपत्र’ही असते, इंग्रजीतही तिला तेच नाव आहे. यंत्र जोडले जाताना मधल्या सर्व्हरकडे एक निरोप ठेवते : माझा संपर्क न सांगता तुटला तर हे इतरांना कळव. तुटणे हा अपघात न मानता त्याची आधीच तजवीज केलेली असते. २०११मध्ये फेसबुकने मोबाइलसाठी मेसेंजर काढला तेव्हा बॅटरी फार न खाता संदेश लवकर पोचवण्यासाठी हीच पद्धत घेतली. नळ्यांतला दाब कळवण्यासाठी केलेली सोय मित्रांच्या गप्पांच्या कामी आली.

हीच कल्पना टोकाला नेली तर सतत जोडणी नसली तरी चालते. मुंबईने याची एक आवृत्ती पाहिली आहे. जुहूच्या एनसीएसटी या संस्थेने आणि आयआयटीने ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात, ‘अर्नेट’ या शैक्षणिक जाळ्याच्या आरंभकाळात, टेलिफोनच्या डायल केलेल्या लाइनवरून ईमेल सुरू केली. लाइन लागली की साठलेली पत्रे दोन्हीकडे जात, एरवी ती संगणकावर थांबत. दुसरी आवृत्ती कर्नाटकातली. २००४च्या सुमारास एमआयटीच्या सँडी पेंटलंड आणि सहकाऱ्यांची ‘डाकनेट’ ही योजना दोड्डबल्लापूर तालुक्यात चालली. बसवर वाय-फायचे यंत्र आणि साठवणीची पेटी बसवली. बस गावाजवळ आली की गावातला संगणक आपले अर्ज तिच्याकडे सोपवी आणि आलेली उत्तरे उतरवून घेई. जमिनीच्या उताऱ्यांच्या ‘भूमी’ योजनेसाठी ती वापरली गेली. संस्कृतातून मराठीत आलेला ‘वाहक’ हा शब्द इथे अक्षरशः लागू पडतो. नेमक्या याच काळात अंतराळयानांशी संपर्क ठेवण्यासाठी ‘विलंब सोसणारी जाळी’ या नावाने संशोधन चालले होते. मंगळ आणि दोड्डबल्लापूर यांची अडचण एकाच जातीची होती.

एक खूण, दोन खुणा

इंटरनेटवरच्या गप्पांची सॉफ्टवेअरे मात्र टेबलावरच्या संगणकासाठी घडली होती. १९९९मध्ये जेरेमी मिलर यांनी जाहीर केलेली ‘जॅबर’ पद्धत, पुढे जिला एक्सएमपीपी म्हणू लागले, तिच्या मनातला माणूस खुर्चीत बसलेला होता. तो ऑनलाइन असे किंवा नसे. मोबाइलवरचा माणूस या दोहोंच्या मध्ये असतो. खंडाळ्याच्या घाटात गाडी बोगद्यात शिरते तेव्हा फोन सर्व्हरला निरोप घेऊन जात नाही. सर्व्हरला बराच वेळ वाटते, जोडणी जिवंत आहे. त्या भ्रमात त्याने पाठवलेला संदेश शून्यात जातो, आणि सर्व्हर मात्र आपले काम झाले असे समजतो. यावर उपाय जुनाच : खुद्द फोनवरच्या ॲपने पोच द्यायची, आणि ती येईपर्यंत सर्व्हरने प्रत सोडायची नाही. एक्सएमपीपीला अशा पोचांची जोड नंतर द्यावी लागली.

२००९मध्ये यान कूम आणि ब्रायन ॲक्टन यांनी सुरू केलेल्या व्हॉट्सॲपची उभारणी या अडचणीवर झाली. त्यांनी एक्सएमपीपीचा ‘ईजॅबर्डी’ हा मोफत सर्व्हर घेतला आणि तो आपल्या गरजेप्रमाणे बदलत नेला. तो ‘अरलँग’ भाषेत लिहिलेला होता. ही भाषा एरिक्सन कंपनीत १९८६च्या सुमारास टेलिफोन एक्स्चेंजसाठी जो आर्मस्ट्राँग आणि सहकाऱ्यांनी घडवली. तिचे तत्त्व असे, की बिघाड होणारच, तेव्हा प्रत्येक काम स्वतंत्र ठेवा, बिघडलेले काम पडू द्या आणि त्यावर देखरेख करणाऱ्याने ते नव्याने उभे करावे. एकाचा बिघाड दुसऱ्याला लागू देऊ नका. २०१२च्या आरंभी व्हॉट्सॲपचा एकेक सर्व्हर २० लाख जोडण्या सांभाळत होता. फेसबुकने २०१४मध्ये कंपनी घेतली तेव्हा वापरणारे ४५ कोटी होते आणि अभियंते अवघे ३२.

वापरणाऱ्याला यातले दिसते ते खुणांत. आधी घड्याळ : निरोप अजून तुमच्याच हातात आहे. एक खूण : सर्व्हरने घेतला. दोन खुणा : पलीकडच्या फोनने घेतला, म्हणजे पत्र पावले. पोचला की तो सर्व्हरवरून पुसला जातो. फोन बंद असेल तर ३० दिवस थांबतो. जबाबदारी कोणाकडून कोणाकडे गेली, याचा इतका प्रामाणिक हिशेब सामान्य माणसाला पूर्वी कधी मिळाला नव्हता. तारेची पावती मिळे, पण तार कुठे अडकली ते कळत नसे.

नोव्हेंबर २०१४मध्ये खुणा निळ्या होऊ लागल्या, आणि इथे इतिहास वेगळ्या वळणावर गेला असे मला वाटते. ‘पत्र पावले’ हे वाटेविषयीचे विधान आहे, ते यंत्राने करणे योग्यच. ‘मजकूर कळला’ हे माणसाविषयीचे विधान आहे. जुन्या पत्रात ते वाचणारा स्वतःच्या हाताने लिही, आणि कधी लिहायचे हे त्याच्या मर्जीवर असे. आता ते यंत्र परस्पर सांगून टाकू लागले. शिवाय ते यंत्राला माहीतही नसते. त्याला एवढेच कळते की मजकूर पडद्यावर उमटला. तक्रारी झाल्यावर निळी खूण बंद ठेवण्याची सोय लवकरच द्यावी लागली. वाटेच्या बेभरवशावर केलेला उपाय माणसांवरच्या अविश्वासाचे साधन झाला, तो असा.

कुलुपांचा प्रश्नही अनुपस्थितीचाच होता. २००४च्या ‘ओटीआर’ या गुप्तसंवादाच्या पद्धतीत दोघांना एकाच वेळी हजर राहून किल्ली ठरवावी लागे. फोन बंद असलेल्या माणसाशी किल्ली ठरवायची कशी? मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि ट्रेव्हर पेरिन यांच्या गटाने ‘टेक्स्टसिक्युअर’मध्ये, म्हणजे पुढच्या ‘सिग्नल’मध्ये, तोड काढली. प्रत्येकाने आपली उघडी कुलपे सर्व्हरवर आधीच ठेवून द्यायची. पाठवणाऱ्याने त्यातले एक घेऊन निरोपाला लावायचे. किल्ली मालकाच्या फोनमध्येच, तो येईल तेव्हा उघडेल. एप्रिल २०१६मध्ये व्हॉट्सॲपने ही रीत सर्वांसाठी लागू केली. निरोप सर्व्हरवर थांबला तरी सर्व्हरला तो वाचता येत नाही.

मुदत संपलेला निरोप

इथवरचा प्रवास पाहिला तर सगळ्या रचनांच्या तळाशी एकच उदार गृहीत दिसते : पलीकडचा माणूस आत्ता नसेल तर तो दोषी नाही, त्याची वाट पाहायची. ज्या एसएमएसने हे गृहीत घरोघरी नेले, त्याच एसएमएसवर आज उलटा भार टाकला आहे. बँक, गॅस, परीक्षेचा अर्ज, सरकारी अनुदान, सगळीकडे ओटीपी लागतो. तो एसएमएसने येतो आणि काही मिनिटांत रद्द होतो. दिवसन्‌दिवस थांबू शकणाऱ्या वाहनातून आपण मिनिटांत नासणारा माल पाठवतो आहोत.

शहरात याची अडचण क्वचितच जाणवते. मेळघाटात किंवा सातपुड्यातल्या अक्राणी-अक्कलकुव्याकडे, जिथे रेंजसाठी टेकडी चढावी लागते, तिथे ती रोजची आहे. माणूस टेकडीवर जाऊन अर्ज भरतो, संदेश येईपर्यंत रेंज जाते, रेंज येते तेव्हा आकडा शिळा झालेला असतो. एसएमएसने आपले काम चोख केलेले असते : निरोप जपला, पोचवला. पण वर बसलेल्या व्यवस्थेने वेळ मोजली ती स्वतःच्या घड्याळाने, निरोप पोचल्यापासून नव्हे. पोच येण्याची वाट तिने पाहिलीच नाही. अब्रामसन यांनी १९७१मध्ये जे गृहीत धरायचे नाकारले होते, तेच तिने गृहीत धरले.

तांत्रिक उपाय नाहीत असे नाही. फोनमध्येच वेळेनुसार तयार होणाऱ्या सांकेतिक आकड्यांची पद्धत २०११पासून मानक म्हणून उपलब्ध आहे. तिला त्या क्षणी रेंज लागत नाही, फक्त फोनचे घड्याळ बरोबर असावे लागते. अर्ज फोनवर साठवून रेंज आल्यावर पाठवणे हे तर व्हॉट्सॲपच्या त्या लहानशा घड्याळाइतके ओळखीचे आहे. प्रश्न व्यवस्था रचणाऱ्याच्या मनातल्या माणसाचा आहे. तो सतत जोडलेला आहे असे धरले की डोंगरातला माणूस अपवाद ठरतो, आणि अपवादाने स्वतःची सोय स्वतः पाहायची असते.

म्हणून एखादी सार्वजनिक सेवा मोबाइलवर आणताना तिच्या वेगाआधी तेच तीन प्रश्न विचारायला हवेत. वाट तुटली तर नागरिकाचा अर्ज कुठे थांबेल? तो पोचेपर्यंत जबाबदारी कोणाची? आणि पोचला हे त्याला कसे कळेल? पोस्टकार्ड लिहिणाऱ्यांना या प्रश्नांची सवय होती, कारण वाट तुटते हे त्यांनी कधी नाकारले नव्हते.